पोटाच्या कॅन्सरमध्ये फॅमिली डॉक्टरला बाजूला ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात कॅन्सरच्या उपचारांची सोय आता चांगली झाली आहे, मानेवाड्याला तुकडोजी हॉस्पिटल, जामठ्याला एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), शिवाय सरकारी मेडिकल कॉलेज आणि एम्स आहेच. पण पेशंट तिथं पोचतो कधी? ते ठरतं गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे.

माझ्या मामांना संडासातून रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून कित्येक महिने दुकानातून आणलेलं मलम लावत होते. शेवटी मामीने ओढूनच डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पडदा लावला, हातमोजा घातला आणि बोटाने आतून तपासलं, मामा लाजेने नको नको म्हणत होते तरी. गाठ हाताला लागली. लगेच कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासायची, चिठ्ठी दिली. दोन मिनिटांची तपासणी, पण किती जण करतात हो?

जळजळ म्हटलं की पॅन्टोप्राझोल आणि हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या, हे बंद झालं पाहिजे. पॅन्टोप्राझोलने जठराच्या कॅन्सरची लक्षणंसुद्धा काही काळ दबतात, आणि पन्नाशीच्या माणसाचं रक्त कमी झालं तर ते जातंय कुठून हे शोधायलाच हवं. घास अडकतो, वजन उतरतंय, संडास काळी होते, त्यात माणूस वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, मग गोळी बदलत बसू नका, एन्डोस्कोपीला, म्हणजे अन्ननलिका आणि जठर दुर्बिणीने तपासायला पाठवा. कावीळ झाली की आपल्याकडे आधी गावठी औषध आणतात, पण वयस्कर माणसाची कावीळ पोट न दुखता वाढत असेल, अंगाला खाज सुटली असेल तर स्वादुपिंडाची किंवा पित्तनलिकेची गाठ असू शकते, सोनोग्राफी आधी.

पुढेही हाच डॉक्टर लागतो. मामांना केमो सुरू असताना रात्री ताप आला, आमच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतील, क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. आणि मामांची केमो चालू आहे हे त्यांना कळलं कसं, तर मामी फाईलच्या एकेका कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची म्हणून! हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती.

माझी मोठ्या हॉस्पिटलांना कळकळीची विनंती आहे, डिस्चार्ज देताना फॅमिली डॉक्टरच्या नावाने एक पानाचं पत्र द्या, कोणती केमो चालू आहे, पुढची तारीख कधी, काय झालं तर लगेच पाठवायचं आणि रात्री फोन कोणाला करायचा, एवढं लिहिलं तरी पुरे.

आपली,
एक वाचक, नागपूर