तुझ्या अण्णांना तू काय सांगितलंस?

गावभाग, सांगली
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

सात महिने झाले, तुझ्या दोन मेसेजना मी उत्तर दिलं नाही. शिव्या भेटल्यावर घाल. फोन करत नाही, कारण बाबा शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. बाबा सोडून इकडे सगळे ठीक. माझी शुगर ताब्यात आहे.

बाबांना पार्किन्सन आहे. अजून शिक्का बसलेला नाही, गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टकडे नेतोय. पण मला कळलंय.

कळलं ते वहीवरून. त्यांचं अक्षर तुला आठवत असणारच, हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते ते. तुझ्या जर्नलांवर नाव त्यांच्याकडूनच घालून घ्यायचास. परवा दुधाचा हिशोब बघायला घरखर्चाची वही उघडली. वर 'श्री' नेहमीसारखा ऐसपैस. खाली 'दूध' वाटाण्याएवढं, मग भाजी, इस्त्री, गॅस करत ओळ संपेपर्यंत अक्षर मोहरीएवढं झालेलं. मागची पानं उलटत गेलो. गणपतीत जरा बरं, त्याआधीच्या पाडव्याला ठसठशीत. वर्षभर ते माझ्या डोळ्यांदेखत बारीक होत गेलं आणि मला वाटत राहिलं, बाबा कागद वाचवतायत. उजवा खांदा धरला होता तेव्हाही मी फ्रोझन शोल्डर म्हणून शेक देत बसलो. मी, विन्या. मेडिकलच्या अख्ख्या बॅचमध्ये ज्याला रोगांच्या चिन्हांची नावं तोंडपाठ, तो मी.

काल संध्याकाळी त्यांना आयर्विन पुलावर फिरायला नेलं आणि मुद्दाम दहा पावलं मागे राहिलो. डावा हात झुलत होता, उजवा पोटाशी तसाच. तिथे मला खुद्द पार्किन्सन आठवला, लंडनचा तो डॉक्टर. १८१७ साली, बासष्टीच्या वयात त्याने तो निबंध छापला. सगळे मिळून सहा पेशंट, त्यातले दोघे रस्त्यात सहज भेटलेले आणि एक तर नुसता लांबून पाहिलेला. तो या दुखण्याला थरथरणारा लकवा म्हणायचा. हातपायांचा ताठरपणा त्याच्या वर्णनात नाहीच, तो पुढे पॅरिसच्या डॉक्टर शार्कोने जोडला आणि रोगाला नाव मात्र पार्किन्सनचं दिलं. हे सगळं मी पूर्वी किती चवीने सांगायचो. काल पुलाच्या कठड्याला धरून उभा होतो आणि वाटत होतं, आपण त्या लंडनच्या माणसासारखे नुसते बघतोय, फक्त पुढे चाललेला माणूस आपला बाप आहे.

घरी आल्यावर त्यांचं उजवं मनगट धरून हलवलं. काही खास नाही. मग म्हटलं, बाबा, डाव्या हाताने पंखा पुसल्यासारखं करा बघू. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या मुठीत उजवं मनगट दातेरी चाकासारखं अडकत अडकत फिरायला लागलं. खट, खट, खट. फ्रोमांची खूण: दुसरा हात हलला की लपलेला ताठरपणा उघडा पडतो. तोच तुझा फ्रोमां! हाताची नस तपासायला अंगठ्याने कागद धरायला लावणारा डॉक्टर आणि हा मनगटवाला एकच माणूस, की दोन वेगळे, यावरून मिरजेच्या होस्टेलवर आपण रात्री दोनपर्यंत भांडलो होतो. एकच निघाला, ल्योंचा. पैजेचं अर्धा किलो भडंग तुझ्याकडे अजून बाकी आहे.

बाबांनी विचारलं, "काय शोधतोयस रे?" मी म्हटलं, "सांधे बघतोय." आयुष्यात त्यांच्याशी इतकं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो.

आता मुद्द्याचं लिहितो. तुझे अण्णा ॲडमिट होते तेव्हा मी दोन ज्युनियर पोरांना घेऊन त्यांच्या कॉटशी उभा राहिलो आणि म्हणालो, "ये देखो, क्लासिकल पार्किन्सन." अण्णा हसले. तू पायथ्याशी उभा होतास. दोन महिने बोलला नाहीस, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की विन्या उगाच हळवा आहे. पुढे तू एकदाच म्हणालास, "त्यांना त्यांचं नाव आहे." तेव्हा मला वाटलं होतं, तू ते जुनंच भांडण उकरतोयस, की रोगाला माणसाचं नाव द्यावं की लक्षणांचं. आज कळलं, तू कशाबद्दल बोलत होतास. माफ कर. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आईला 'कंपवात' म्हणून सांगितलं. ती लगेच काढ्यापर्यंत पोचली, कोणीतरी तिला खाजकुयलीच्या बिया सुचवल्यात. वेडेपणा नाही तो, पार्किन्सनच्या गोळीतलं औषध, लेव्होडोपा, त्या बियांत असतोच, १९३७ सालीच तो त्यातून वेगळा काढलाय. पण गोळीत मात्रा मोजलेली असते, बियांत नसते, हे तिला पटवतोय. (सज्जनगडच्या ट्रिपला जाड्याच्या शर्टात तू तीच शेंग टाकली होतीस. तो अजून तुला शोधतोय.)

तुझं नवं क्लिनिक सुरू झाल्याचं जाड्याकडून कळलं, अभिनंदन. चिनूची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

मला एवढंच सांग. अण्णांना तू कुठल्या शब्दांत सांगितलंस? नाव घेतलंस का? आधी बसवलंस, की चालता चालता बोललास? त्यांनी पहिलं काय विचारलं? बाबा विचारतील, "मला पुन्हा नीट लिहिता येईल का?" गोळ्यांनी हात मोकळा होईल हे मला माहीत आहे. पण ते अक्षराबद्दल विचारतील, आणि अक्षराबद्दल काय बोलायचं ते मला सुचत नाही.

गुरुवारी सकाळी सातला निघतोय. त्याआधी लिही, दोन ओळी लिही.

तुझा,
बाळ्या

ता. क. पाकिटावरचा पत्ता बाबांकडून घालून घेतलाय. 'विनायक'मधला वि बघ आणि खाली पिनकोड बघ.