लॅबच्या ताईंना, रिपोर्टखालच्या दोन ओळींसाठी

ताई, नमस्कार.

दिवसभर नळ्यांमध्ये बुडालेल्या तुम्हाला माझी आई आठवेल की नाही, माहीत नाही. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली, आणि "लवकर घ्या बाप्पा, चहा नाही झाला अजून" म्हणत तुमच्यावर डाफरलेली. तीच.

त्याआधी सहा महिने घरात आनंदीआनंद होता. दुसरीकडे केलेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा ५.१ आला होता. डायबिटीस धरतात ६.५ पासून. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, आईनं संत्रा बर्फी सुरू केली. घरचं मीटर मात्र रोज सकाळी १९०, २०० दाखवायचं. आम्ही शहाण्यांनी काय केलं? मीटर बिघडलं म्हणून नव्या स्ट्रिप्स आणल्या.

तुमच्याकडेही ५.१ च आला. तो छापून दिला असता तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता. पण त्याच दिवशी उपाशीपोटीची शुगर १८६ होती, आणि ५.१ म्हणजे सरासरी शुगर जेमतेम १०० च्या आसपास. दुपारी तुमचा फोन आला, "रिपोर्ट थांबवलाय. आईला सिकलसेल आहे का हो?"

आहे. लाल पेशींचा हा आजार तिला जन्मापासूनच. थंडीत सांधे धरतात ते त्यामुळेच, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक. शुगरच्या डॉक्टरांना मात्र आम्ही कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मग तुम्ही समजावलंत. साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. धडधाकट पेशी १२० दिवस जगते, आईच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत फुटतात. "पातेलं दर पंधरवड्याला नवं आणलं तर बूड काळं होईल कसं?" हे तुमचं वाक्य आई आता येईल त्याला ऐकवते. रक्त कमी असलं की मीटर थोडं वर दाखवतं, हेही सांगितलंत. पण १८६ तर शिरेतल्या रक्तावरचा आकडा होता.

रिपोर्टखाली तुमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दोन ओळी घातल्या: सिकलसेलमुळे हा आकडा ग्राह्य धरू नये, फ्रुक्टोसामीन करावी. ती तपासणी लाल पेशींवर नाही, रक्तातल्या प्रथिनांवर चालते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगते. ती वाढलेलीच निघाली. डॉक्टरांनी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि गोळी पूर्ववत केली.

आता नवा रिपोर्ट हातात आला की आई आकडा नंतर बघते. आधी चष्मा चढवून विचारते, "खाली काही लिहिलंय का?"

सोबत बर्फीचा डबा पाठवतेय. तुम्हा सगळ्यांसाठी. आईला दाखवलेला नाही.

तुमची,
आईला घेऊन आलेली मुलगी