आई-बाबा, मी इथे अजून थांबतेय

लायडन

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून लिहितेय. इथली पुढची नेमणूक मी स्वीकारली आहे, सहीही करून दिली. म्हणजे यंदा कायमचं परत येणं होणार नाही. रागावू नका, आधी कारण ऐका.

काकूच्या बाळंतपणानंतर जे झालं ते आपल्या घरात कुणी बोलत नाही. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. आणि त्यासाठी नेदरलँड्समधल्या या लायडनसारखं गाव नाही. १९९४ साली इथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं, की काही जणांच्या फॅक्टर फाइव्ह या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. रक्त गोठायला लागलं की प्रोटीन सी ब्रेकसारखं काम करतं, फॅक्टर फाइव्हला ठरावीक जागी कापतं. ते अक्षर बदललं की ती जागा नीट कापली जात नाही आणि गुठळीचा धोका वाढतो. युरोपात शंभरातल्या साधारण पाच जणांत हा बदल सापडतो, आपल्याकडे बराच कमी. मग काकूसारख्यांचं काय? गरोदरपणात रक्त जास्त गोठतं ते बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. पण गुठळी सगळ्याच बायकांना होत नाही. कुणाला होईल हे आधी ओळखता यावं, एवढ्यासाठी मी थांबतेय. हे अर्धवट टाकून आले तर तुमच्याजवळ असूनही माझा जीव इथेच राहील.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे. जवळच्या हेग शहरात सुरीनामी लोकांची दुकानं आहेत, तिथे भेंडी, तूरडाळ सगळं मिळतं. रोज रात्री गरम जेवते. आई, तुझ्या हातच्या पालकाच्या ताकातल्या भाजीची मात्र फार आठवण येते, वर लसणाची फोडणी घातलेली.

बाबा, रोज नळीतला पिवळा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, सदतीस अंशांवर गरम करून त्यात कॅल्शियम आणि गोठणं सुरू करणारं थ्रोम्बोप्लास्टिन घालते. निरोगी माणसाचा बारा-एक सेकंदांत गोठतो. एखाद्याचा त्याच्या दुप्पट-अडीचपट वेळ पातळच राहतो, तेव्हा हा कुणाच्या तरी वडिलांचा असेल असं मनात येतंच. लहानपणी तापात तुम्ही रात्रभर माझं मनगट धरून बसायचात. आता तुमची नाडी बघायला मी तिथे नाही, हे मला रोज टोचतं. इथे ट्रॉम्बोसिसच्या, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याच्या, रुग्णांसाठी वेगळी सेवा आहे, ज्यांना बाहेर पडवत नाही त्यांच्या घरी नर्स येऊन रक्त घेऊन जाते. आणि बऱ्याच जणांची रक्त पातळ ठेवायची गोळी तुमचीच, ॲसिट्रॉममधली! आपल्या गल्लीतल्या लॅबवाल्याशी मी बोलले आहे, दर महिन्याला त्यांचा मुलगा घरी येईल.

आता नीट ऐका. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी, कॅलेंडरवर खूण करून. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मेथी, पालक, शेपू बंद करायचं नाही, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच खायचं, एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं नको. गुडघे दुखले म्हणून मनानं वेदनाशामक नको, कुणी सांगितला म्हणून काढाही नको. शेजारचे भाऊ म्हणतात त्या "तपासणी न लागणाऱ्या" नव्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. तुमची हृदयातली झडप धातूची आहे. तशा रुग्णांवर त्यातल्याच डॅबिगॅट्रान नावाच्या गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. गुठळ्याही वाढल्या, रक्तस्रावही, ती मध्येच थांबवावी लागली. दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. शौचाला काळं झालं किंवा डोक्याला मार बसला, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, लगेच दवाखाना.

आई, तुलाही. मावशीकडे एसटीनं जाताना पाय लोंबकळत ठेवून झोपू नकोस. घोटे फिरवत राहा, बस थांबली की खाली उतर, पाणी पी. एक पाय अचानक सुजला तर तेल चोळत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

हे सगळं दटावल्यासारखं वाटलं असेल. तुमच्या मुलीला दुसरी माया दाखवता येत नाही असं समजू नका, जवळ असते तर पाय चेपून दिले असते. दिवाळीला येते, तिकीट काढलंय. बाबा, तोवर दर वेळी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, कागद हातात आला की त्याचा फोटो मला पाठवायचा, आकडा बरोबर असला तरी.

तुमची,
बेबी