बंगळुरूच्या लालबागेतल्या अज्जींना, पुण्याहून

सा. न. वि. वि.

अज्जी, तुमच्या सूनबाई बेळगावच्या आहेत आणि नातवंडांशी मराठीत बोलतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. त्या भरवशावर हे पत्र मराठीत आणि चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही जयनगरला राहता आणि रोज सकाळी लालबागेत फेऱ्या मारता, याहून जास्त पत्ता माझ्याकडे नाही. सुती साडी, वर विणलेला स्वेटर आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, एवढ्यावरून सूनबाईंनी ओळखलं तर त्या वाचून दाखवतीलच.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडांच्या बुरुजाखालच्या खडकावर आमच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजिवांनी बसकण मारली होती. पाय दुखतात, घरी जायचं, पाणी नको, कडेवर नको. त्याचा बाबा उचलायला गेला की हा माशासारखा हातातून निसटे. येणारेजाणारे थांबत होते. एकाने मोबाइलवर कार्टून लावून समोर धरलं, एका बाईंनी पोलिसाचा धाक घातला, त्यावर त्याने आणखी मोठं भोकाड पसरलं.

तुम्ही त्याच्याशी एक अक्षर बोलला नाहीत. गुडघ्यावर हात टेकत त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसलात, बाजूचे काही खडे वेचलेत आणि खडकातल्या एका खळग्यात एकेक करून टाकायला लागलात. ओंदु. एरडु. मूरु. खडा पडला की टक् आवाज यायचा. चौथ्या खड्याला रडणं थांबलं. सातव्याला त्याने हात पुढे केला. तुम्ही वर न बघता त्याच्या तळव्यावर खडा ठेवलात, जणू काही हे आधीपासून ठरलेलंच होतं. हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, पोचेतो तो उठून आणखी खडे शोधत होता आणि आम्ही दोघं आईबाप बघत उभे होतो. तो हल्ली जिने चढताना कन्नडमध्ये मोजतो. नाल्कुनंतर कधी ऐदु येतं, कधी थेट हत्तु.

लगेच पुढचं संकट आलं. खडे टाकून झाले आणि साहेब दोन्ही पाय आवळून उभे राहिले. लहान मूल घेऊन हिंडणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लालबाग २४० एकरांची, त्यात आम्ही नवखे. तुम्ही माझा दंड धरलात आणि ‘बेगा, बेगा’ करत अशा काही निघालात की मला मुलाला घेऊन अक्षरशः पळावं लागलं. स्वच्छतागृहाशी पोचल्यावर पर्समध्ये सुटे शोधत बसायची वेळही तुम्ही येऊ दिली नाहीत. कमरेचा बटवा सोडून नाणी पुढे केलीत. प्रवासवर्णनांत असल्या मदतीबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोठी मदत हीच.

परत आल्यावर त्या खडकाबद्दल सांगितलंत. आम्ही तोवर त्याला फोटो काढायची उंच जागा समजत होतो. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा खडक, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलेला. हैदर अलीने १७६० मध्ये या बागेची सुरुवात केली, तीसुद्धा त्या मानाने परवाचीच गोष्ट. बुरुजाकडे बोट दाखवून म्हणालात, गावाची वेस इथपर्यंत धरली होती म्हणतात. मग खाली पसरलेल्या शहराकडे हात फिरवून नुसत्या हसलात. बंगळुरूच्या वाढीवर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

मग तुम्ही आम्हाला बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत बसवलंत. ‘मी यात कधी बसत नाही, माझे पाय चांगले आहेत’ असं म्हणत तुम्हीही चढलात. काचघरापाशी उतरलो तेव्हा ऊन तिरपं आत येत होतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरची ही इमारत, १८८९ मध्ये पायाभरणी झालेली. त्या दिवशी आत फुलं नव्हती, माणसंही तुरळक. मी जरा खट्टू झाले हे तुमच्या लक्षात आलं असावं. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या फुलांच्या प्रदर्शनाला एवढ्या मुलाला घेऊन येऊन काय करणार, म्हणालात, त्याला फुलं दिसतच नाहीत, लोकांचे गुडघे दिसतात. रिकाम्या काचघराबाहेर तो मनसोक्त पळला. गुडघ्यांचं तुमचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

तुम्ही म्हणालात, इथे एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा येतो, आणि हे कुणीतरी ठरवून केलंय. नाव तुम्हाला पटकन आठवेना. घरी आल्यावर मी शोधलं, म्हणून तुमच्यासाठी लिहिते: गुस्ताव हेर्मान क्रुंबिगेल. जर्मन माणूस, १९०८ ते १९३२ लालबागेचा कारभार त्यांच्याकडे होता. रस्त्यारस्त्यांवर वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी झाडं लावून वर्षभर शहर फुलतं ठेवायचं, ही त्यांची योजना. आणि म्हैसूर संस्थानात येण्याआधी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी बागा करत होते! हे सूनबाईंना जरूर सांगा.

तुमच्या सूचना मी रेल्वेच्या तिकिटामागे लिहून घेतल्या होत्या. आम्ही उद्यान एक्स्प्रेसने आलो म्हटल्यावर तुम्हाला हसू फुटलं, बागांच्या गावाला बागेच्याच गाडीने! एका दिवसात एकच बाग. सकाळी लवकर निघा आणि ऊन चढायच्या आत खोलीवर परता. बन्नेरघट्टाचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिथे दुसऱ्या कुठल्याही वारी जा, पण तो दिवस फक्त तेवढ्यासाठीच ठेवा. रिक्षात बसून सिग्नलला पोराला तापवू नका, मेट्रो धरा, आणि मेजेस्टिकला गाडी बदलताना त्याला कडेवर घ्या, त्या सरकत्या जिन्यांवर त्याला चालवू नका. कब्बन पार्क रविवारसाठी राखा, त्या दिवशी आतले रस्ते गाड्यांना बंद असतात.

आम्ही सगळं तसंच केलं. म्हणजे जवळजवळ. बन्नेरघट्टा राहिलंच, कारण ज्या दिवशी जाणार होतो त्या दिवशी चिरंजीव दहापर्यंत झोपले आणि ‘पोर झोपलं तर उठवू नका’ हीही तुमचीच सूचना होती. रविवारी कब्बन पार्कात टॅबेबुया फुललेला होता. झाडाखाली गुलाबी फुलांचा सडा. मधल्या रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती आणि आमचा मुलगा फुलं वेचून एका लठ्ठ, आळशी कुत्र्याच्या पाठीवर ठेवत होता. कुत्र्याची हरकत नव्हती. लाल उच्च न्यायालयाची इमारत आम्ही लांबूनच पाहिली. दुपारी जवळच्याच विश्वेश्वरय्या संग्रहालयात गेलो. तिथे राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यापाशी तो इतका वेळ रमला की बाकीच्या दालनांवरून आम्ही नुसती नजर फिरवली. तुम्ही सोबत असता तर घाई केली नसतीत, हे ध्यानात ठेवून आम्हीही केली नाही.

पश्चिमेच्या दाराबाहेर तुम्ही शहाळं घेऊन दिलंत, ते राहिलंच सांगायचं. शहाळेवाल्याला कन्नडमध्ये काहीतरी दटावून कोवळी मलई काढायला लावलीत. त्याने सालाचाच एक काप उडवून चमचा केला आणि मुलाच्या हातात दिला. मी पैसे पुढे केले तर तुम्ही माझी मूठ मिटवून बाजूला सारलीत. यजमान पैसे देऊ बघत होते, त्यांच्याकडे तर बघितलंही नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. ‘हल्लीची मुलं’, ‘हल्लीच्या आया’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मुलाला एवढ्या लांब कशाला आणलं, असंही विचारलं नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर मी निघाल्यापासून तोंडपाठ करून ठेवलं होतं, सासरी देऊनही झालं होतं. तुमच्यासमोर ते लागलंच नाही.

सूनबाईंना माहेरी सोडायला बेळगावला याल, तेव्हा तिथून पुणं रेल्वेने रात्रभराचंही नाही. आमच्याकडे दोन दिवस राहा. आमची एम्प्रेस गार्डन लालबागेपुढे लहान आहे, पण झाडं जुनी आणि मोठी आहेत, आणि सकाळी फिरायला सोबत मिळेल. फक्त शहाळ्याचे पैसे इथे मी देणार.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
लालबागेत भेटलेली पुण्याची बाई