गाडीवरील ड्रोनविरोधी अँटेनांमध्ये पाणी शिरल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग

स.न.वि.वि.

आमचा भोसरी एमआयडीसीत गाड्यांवर उपकरणे बसवून देण्याचा छोटा कारखाना आहे. ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारी ड्रोनविरोधी यंत्रणा आम्ही बनवत नाही, ती मुख्य कंत्राटदाराकडून येते. छताला आतून आधार देणे, ब्रॅकेट, केबल आणि अँटेनाची फिटिंग एवढेच आमचे काम. आपल्याकडून आठ अँटेना घेतले. दोन गाड्यांवर तीन-तीन बसवले आणि दोन शिल्लक ठेवले. बसवलेल्या सहापैकी चारांत पाणी निघाले आहे.

फिटिंग झाल्यावर सहाही अँटेना आम्ही ॲनालायझरवर तपासले. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती उलटी येते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) सगळीकडे १.६ च्या आत होता. त्याबद्दल आपल्या मालाला नाव ठेवायला जागा नाही. जुलैत दोन्ही गाड्या रस्त्याच्या चाचणीला नेल्या. पिरंगुट, ताम्हिणी, माणगाव करत श्रीवर्धनला मुक्काम आणि त्याच वाटेने परत. जाताना माणगावपर्यंत पाऊस होता. श्रीवर्धनला दुपारी चक्क ऊन पडले, छताला हात लावला तर चटका बसत होता, आणि चारच्या सुमारास एकदम सर आली. भोसरीत परत आल्यावर मोजले, तर २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन्ही अँटेनांचा आकडा ४ च्या वर गेला होता. ४ म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी ३६ टक्के उलटी अँप्लिफायरकडे येते. खालच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या एका अँटेनाचा आकडा २.५ झाला होता. उपग्रह-दिशादर्शनाच्या पट्ट्याचा एक अँटेना आकड्यावर ठीक दिसत होता, पण हलवला की आत खळखळ ऐकू येत होती. आमच्या फोरमननी त्यातला एक उघडून स्टीलच्या पेल्यात उपडा धरला, तेव्हा पेल्याचा तळ झाकेल इतके पाणी निघाले. मधल्या पिनेवर हिरवट थर बसला होता.

आपल्या सेवा इंजिनिअरसाहेबांना फोन केला. दोन मिनिटांत निकाल मिळाला : "बुडाशी पाणी निघून जायला भोक आहे, तुम्ही ते सिलिकॉनने बुजवले. फिटिंगचा दोष, वॉरंटी नाही."

आता तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. अँटेनासोबत आलेल्या आपल्याच कागदावर लिहिले आहे की बसवल्यानंतर बुडाचा संपूर्ण घेर सीलंटने बंद करावा. आम्ही तेच केले, टॉर्क रेंच लावून आणि फोटो काढून. आपल्या कॅटलॉगमध्ये आयपी ६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाण्याचा दर्जा, असे ठळक छापले आहे. आणि साहेब म्हणतात भोक आहे. पाणी जाईल असे उघडे भोक असेल तर आयपी ६७ कसे, आणि खरोखर आयपी ६७ असेल तर भोक कशाला? हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा, श्वास घेणारा पडदा बसवला असता तर दोन्ही जमले असते. तसा पडदा आम्हाला कुठेच दिसला नाही.

मग शिल्लक राहिलेले दोन अँटेना खोक्यातून काढले. एकाला बुडाशी साधारण दीड मिलिमीटरचे भोक आहे. दुसऱ्याचे भोक पावडर कोटिंगने पूर्ण बुजले आहे. टाचणी घातली तर आत जात नाही. हा नग आमच्याकडे आल्यापासून खोक्यातच होता, त्याला सिलिकॉनचा वासही लागलेला नाही. म्हणजे ते भोक आपल्याच पेंटशॉपमध्ये बुजले. बसवलेल्या सहापैकी किती तसेच आले होते, हे आता सीलंटखाली गेल्यामुळे कळायचा मार्ग नाही.

पाणी कसे शिरले याचा आमचा अंदाज सांगतो. उन्हात आवरणाखालची हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. वरून थंड सर आली की उरलेली हवा आकसते आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी आत ओढते. कनेक्टरच्या थ्रेडमधून ते सहज येते. एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आयपी ६७ च्या चाचणीत वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटे ठेवतात, पण पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. कोकणातले ऊन आणि पाऊस एवढा विचार करत नाहीत. मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकातल्या बुडवण्याच्या चाचणीत वस्तू आधी मुद्दाम गरम करून मग पाण्यात घालतात. आपल्या कॅटलॉगमध्ये ८१० चा आकडा आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या ते लिहिलेले नाही. थरथराट आणि धूळ यांचे अहवाल मिळाले. पाण्याचा अहवाल मागितला तर "गोपनीय आहे" असे उत्तर आले.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. उलटी शक्ती वाढली की अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आपोआप कमी करतो. या यंत्रणेत डॅशबोर्डवरचा दिवा तरीही हिरवाच राहतो. आत बसलेल्या जवानाला वाटेल की छत्री उघडी आहे. जून २०२१ मध्ये जम्मूतल्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली होती. मे २०२५ मध्ये एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले गेल्याचे सरकारनेच सांगितले. त्यानंतर आमच्याकडे या कामाची चौकशी वाढली, तशी आपल्याकडेही वाढली असेल. घाई समजू शकतो, पण भोकात टाचणी घालून पाहायला किती वेळ लागतो?

आम्ही अवास्तव काही मागत नाही. युक्रेनमध्ये आता फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन उडतात. त्यांचे आदेश रेडिओने नाही तर तारेतून जातात, म्हणून त्यांच्यापुढे आपला काय, कुणाचाच अँटेना चालत नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.   

खराब झालेले चार आणि भोक बुजलेला एक असे पाच अँटेना बदलून मिळावेत. जे दोन अजून चालू आहेत त्यांचे काय करायचे, सीलंट कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे चित्र काढून लेखी कळवावे. फोनवर नको. बदली नगांसोबत त्याच लॉटमधल्या नगाचा, गरम करून पाण्यात घातल्याचा अहवाल हवा. बिलाची शेवटची ३० टक्के रक्कम आम्ही तोपर्यंत थांबवली आहे, हेही सांगून ठेवतो. पुढे मुख्य कंत्राटदार उशिराबद्दल आम्हाला एलडी (करारातली ठरलेली भरपाई) लावणार, आणि ती रक्कम आमच्यासारख्या बारा माणसांच्या कारखान्याला लहान नाही.

आपण माणूस पाठवणार असाल तर जरूर पाठवा. उघडलेला अँटेना, त्यातून निघालेले पाणी बाटलीत, ॲनालायझरच्या नोंदी आणि फिटिंगचे फोटो काढून ठेवले आहेत. भोक बुजलेला नग आम्ही न उघडता, आहे तसाच खोक्यात परत ठेवला आहे. तो आपल्या माणसासमोरच कापू. फक्त गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी आमच्याकडे लाईट नसते.

कळावे,
आपला विश्वासू,
भागीदार
(गाडी-फिटिंग कारखाना, भोसरी)

सोबत : पर्चेस ऑर्डर आणि चलनाची प्रत, फोटो, मापनाच्या नोंदी