गुरूच्या पोटात वायू नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सूर्यमालेवरच्या लेखात गुरूला एके ठिकाणी ‘वायूचा गोळा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फसलेला तारा’ म्हटले आहे. दोन्ही शब्द इतके रुळलेत की दोष एकट्या लेखकाला देता येणार नाही. (वायुगोळा हा तसा पोटाचा विकार; गुरूला तो जडलेला नाही.) पण सोबतच्या चित्रात बाहेर वायू, आत द्रव आणि मधोमध दगडी गोटी असे कांद्याचे पदर दाखवलेत, ते खटकले.

गुरू मुख्यतः हायड्रोजनचा आणि थोड्या हेलियमचा बनलेला आहे. हायड्रोजन उणे २४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल, तर कितीही दाबा, त्यात वायू आणि द्रव अशी फाळणी होत नाही. गुरूच्या ढगांपाशीच तापमान उणे ११० च्या आसपास असते आणि खाली वाढतच जाते. त्यामुळे तिथे समुद्राचा पृष्ठभाग कुठे लागतच नाही. वायू दाट होत होत नकळत द्रवासारखा होतो. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाची उपकरणे भरलेली कुपी त्यात शिरली. पृथ्वीवरच्या हवेच्या बावीस पट दाब आणि दीडशे अंश तापमान गाठेपर्यंत, जेमतेम तासभर ती संदेश पाठवत राहिली. एवढ्यात उतरली दीडेकशे किलोमीटर. गुरूची त्रिज्या आहे ७१ हजार.

सुमारे दहा हजार किलोमीटर खोलीवर दाब हवेच्या दहा-वीस लाख पट होतो. तिथे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात आणि तो पाऱ्यासारखा, वीज वाहणारा द्रव धातू बनतो. गुरूचे दांडगे चुंबकीय क्षेत्र मुख्यतः इथलेच. गंमत हेलियमची आहे. या धातूत तो नीट मिसळत नाही. थेंब धरून खाली गळतो. याला पुरावा आहे. त्या कुपीने मोजलेला हेलियम वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास भरला, आणि सूर्यमाला ज्या ढगातून घडली त्यात तो २७-२८ टक्के होता. निऑन तर सूर्यातल्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्यावर आलेला! तो हेलियमच्या थेंबांत विरघळून त्यांच्याबरोबर बुडतो, असे धरले की हिशेब जुळतो.

मधल्या गोटीचे काय? जुनो यान २०१६ मध्ये गुरूभोवती फिरू लागले. जवळून जाताना त्याच्या रेडिओ संदेशाच्या वारंवारितेत किंचित फरक पडतो. त्यावरून यानाचा वेग आणि वेगावरून आतल्या वस्तुमानाची वाटणी काढतात. तिच्याशी टणक गोटी जुळत नाही. जड मूलद्रव्ये हायड्रोजनमध्ये विरून त्रिज्येच्या एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत पसरलेली दिसतात.

आता सूर्य. सरासरी घनता पाण्याच्या १.४ पट, गुरूची १.३. आकडे शेजारी-शेजारी, पण सूर्याच्या केंद्रात घनता पाण्याच्या दीडशे पट असूनही तिथला पदार्थ वागतो वायूसारखाच. दीड कोटी अंशांना अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, आणि सुट्या कणांना एवढ्या दाटीतही मोकळीक मिळते. तेव्हा वायूचा गोळा म्हणायचेच, तर सूर्याला म्हणावे.

‘फसलेला तारा’ही नको. ताऱ्यात हायड्रोजन टिकून पेटायला (म्हणजे त्याची अणुकेंद्रके जुळून हेलियम होत राहायला) गुरूच्या ७५ ते ८० पट वस्तुमान लागते. नुसता ड्यूटेरियम (हायड्रोजनचा जड प्रकार) पेटवायचा तरी तेरा पट. गुरूच्या केंद्रात तापमान वीसेक हजार अंश. शिवाय तो घडला सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत, ग्रह म्हणूनच. फसायला आधी प्रयत्न तरी करावा लागतो.

चित्र पुन्हा काढाल तेव्हा रंग एकमेकांत विरत न्यावेत, गाभ्याभोवती रेघ मारू नये. आणि युरेनस-नेपच्यूनला गुरूचाच छाप नको: त्यांच्यात हायड्रोजन-हेलियम वजनाने पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर, बाकी बहुतेक पाणी, अमोनिया, मिथेन यांचा तापलेला दाट द्रव आणि खडक. त्यांचे चित्र वेगळे काढावे लागेल.

— एक खगोलप्रेमी वाचक, ठाणे