किल्ले स्पर्धेला हातभार लावणाऱ्यांचे आभार

सहावी ते दहावीच्या मुलांच्या दिवाळी किल्ले स्पर्धेसाठी नाव न सांगता राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत आधी विटांचे तुकडे आणि डबर देणाऱ्यांचे. नुसत्या मातीचा ढीग पाणी पडलं की खचतो. आत दगडविटांचा गाभा, त्यावर गोणपाट आणि वर दोन बोटं जाड मातीचा लेप असला तरच कडा उभा राहतो. गोणपाट मात्र ओलं हवं. कोरडं असलं तर लेपातलं पाणी शोषून घेतं आणि सकाळपर्यंत भेगा पडतात. गोण्या देतानाच हे बजावणाऱ्या काकांमुळे बरेच बुरूज वाचले. लाल माती चाळून देणाऱ्या आजींचेही आभार.

अळीव आणणाऱ्या ताईंनी तो आधी भिजवू दिला नाही, हे फार बरं झालं. भिजला की चिकट गोळा होतो, एकसारखा पसरत नाही. कोरडाच ओल्या उतारावर भुरभुरायचा, पाणी हातानं शिंपडायचं, मग्यानं ओतायचं नाही. चार-पाच दिवसांत हिरवळ दिसते.

राजगडाच्या गटाला पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या बालेकिल्ल्यापासून तीन दिशांना कशा जातात, हे नकाशावर दाखवणाऱ्या ट्रेकर दादांचं ऋण वेगळंच. एरवी कोणताही गड शेवटी शंकूच होतो, वर भगवा लावला की झालं!

गोणपाटं धुऊन वाळवली आहेत. ज्यांची असतील त्यांनी घेऊन जावीत.